इंजिन गाडीत चढवण्याआधी कॉम्प्रेशन तपासा: मारुती ८०० च्या इंजिनावर पायरीपायरीने

काही वर्षांपूर्वी मी एका मारुती ८०० चं इंजिन बांधलं. बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक) ०.५० मिलिमीटरने मोठा करून आणला होता, पिस्टन नवे, रिंगा नव्या, व्हॉल्व्ह घासून बसवलेले. संध्याकाळी इंजिन चढवलं आणि गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. दोन दिवसांनी मागून निळा धूर यायला लागला. प्लग काढले तर तीन नंबरचा तेलाने चिंब. कॉम्प्रेशन गेज, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते मोजणारं घड्याळ, लावला. एक आणि दोन नंबर १६५ पीएसआयच्या आसपास, तीन नंबर ९५. इंजिन पुन्हा उतरवलं, खोललं, तेव्हा कळलं की पिस्टन बोअरमध्ये सोडताना रिंग कॉम्प्रेसर (रिंगा दाबून धरणारा पट्टा) जरा तिरका बसला होता आणि वरची रिंग मोडली होती. तिच्या टोकाने नव्या बोअरवर वरपासून खालपर्यंत रेघ ओढली होती, नख फिरवलं की अडकायचं.

चूक माझीच होती. पण इंजिन जमिनीवर असतानाच गेज लावला असता तर ती तासाभरात सापडली असती. एक रिंग बदलून भागलं असतं. तिथे दोन दिवस गाडी चालल्यामुळे बोअरही गेला. तेव्हापासून माझ्या हातून एकही इंजिन कॉम्प्रेशन बघितल्याशिवाय गाडीत गेलेलं नाही. ही तपासणी मी कशी करतो, आकडे कसे वाचतो आणि नव्या बांधलेल्या इंजिनात हेच आकडे कुठे फसवतात, ते इथे लिहितो.

उदाहरणाला मारुती ८०० चं कार्बोरेटरवालं जुनं इंजिन घेतलं आहे. ही गाडी १९८३ साली आली आणि २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे गावोगावच्या गॅरेजमध्ये तिची इंजिनं आजही बांधली जातात. ओम्नीतही हेच इंजिन, फक्त तिथे ते सीटखाली लांबीत बसतं. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, ७९६ सीसी, बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२ मिलिमीटर, कॉम्प्रेशन रेशो ८.७ ला १. दुसरं कुठलंही पेट्रोल इंजिन असलं तरी पद्धत हीच, आकडे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधले घ्यायचे.

आधी थोडं गणित

हे गणित एकदा डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या चुका होत नाहीत. ७९६ ला तीनने भागा, एका सिलिंडरचे साधारण २६५ सीसी आले. रेशो ८.७ म्हणजे पिस्टन खाली असतानाची पूर्ण जागा तो वर असतानाच्या जागेच्या ८.७ पट, म्हणून पिस्टन वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरलेली जागा जवळपास ३४.५ सीसी. चहाच्या छोट्या कपाच्या निम्म्याइतकी. एवढ्याशा जागेत चार-पाच सीसीचा फरकसुद्धा मोठा ठरतो. 

म्हणून गेज निवडताना एक गोष्ट बघाच. प्लगच्या जागी जो ॲडॉप्टर बसतो, त्याच्या अगदी टोकाशी एकतर्फी व्हॉल्व्ह हवा. स्वस्तातल्या काही गेजमध्ये तो वर, घड्याळापाशी असतो. मग मधला सगळा रबरी पाइप चेंबरचाच भाग होऊन बसतो. आतून ४ मिलिमीटरचा, ४० सेंटिमीटर लांबीचा पाइप म्हणजे ५ सीसी. ३४.५ चे झाले ३९.५, आणि ८.७ चा रेशो ७.७ वर आला. इंजिन ठणठणीत असूनही काटा खालीच राहतो आणि माणूस बिचारा रिंगांवर संशय घेत बसतो.

टोकाचा हा छोटा व्हॉल्व्ह दिसायला टायरच्या व्हॉल्व्हच्या पिनसारखाच असतो. खराब झाला की पंक्चरवाल्याकडची पिन घालायचा मोह होतो. घालू नका. टायरच्या पिनची स्प्रिंग कडक असते, ती उघडायलाच दाब खर्च होतो आणि आकडा कमी येतो. गेजची पिन मऊ स्प्रिंगची, वेगळी मिळते. दोन्ही पिना हातात धरून नखाने दाबून बघा, फरक बोटालाच कळतो.

ॲडॉप्टरचा आटा १४ मिलिमीटरचा हवा आणि त्याची लांबी प्लगच्या आट्यापेक्षा जास्त नको. गेज ० ते ३०० पीएसआयचा पुरतो. आपल्याकडे मेकॅनिक पीएसआय आणि किलो दोन्ही बोलतात: १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय. या लेखात पीएसआय धरले आहेत.

गेज लावण्याआधी काय काय झालेलं असावं

हेड बसवण्याआधीच एक तपासणी होते, ती चुकवू नका. हेड उलटं करून प्लग लावायचे, तिन्ही चेंबरमध्ये रॉकेल भरायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. रॉकेल मिळालं नाही तर डिझेल चालतं. इनलेट आणि एक्झॉस्टच्या तोंडात बोट घालून बघा. ओलसर लागलं तर तो व्हॉल्व्ह पुन्हा घासा. इथे एक व्हॉल्व्ह पकडला की पुढचा अर्धा दिवस वाचतो.

हेड टॉर्क रेंचने, ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळलेलं असावं. टायमिंग बेल्टच्या खुणा जुळलेल्या असाव्यात. पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. फिरवताना कुठे कडक अडकलं तर जोर लावायचा नाही, कारण आधी शोधायचं. टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांमधली फट) फिलर गेजने मॅन्युअलप्रमाणे, थंड इंजिनावर सेट केलेली हवीत. घट्ट टॅपेटने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि चांगल्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन शून्याजवळ जातं. सगळ्यात स्वस्त चूक हीच, आणि सगळ्यात जास्त घाबरवणारीही हीच.

आणखी एक. धूळ जाऊ नये म्हणून इनलेटच्या तोंडात फडकी कोंबण्याची सवय सगळ्यांना असते. किती कोंबली ते मोजून ठेवा आणि तेवढीच बाहेर आली का ते बघा. मी आता फडकी कोंबतच नाही, बाहेरून चिकटपट्टी लावतो. ती दिसते.

सेल्फ बसवायचा कुठे?

इथेच बरेच जण अडतात आणि "चढवल्यावर बघू" म्हणतात. ८०० मध्ये सेल्फ गिअरबॉक्सच्या हाऊसिंगला बसतो. इंजिन स्टँडवर असेल तर स्टँडची प्लेट नेमकी गिअरबॉक्सच्याच जागी बोल्ट केलेली असते, म्हणजे तिथे सेल्फ लागतच नाही. त्यामुळे इंजिन स्टँडवरून उतरवायचं. फ्लायव्हील टॉर्कवर आवळायचं आणि मागे हाऊसिंग लावायचं. भंगारातून आणलेलं, आतली गिअर काढलेलं जुनं हाऊसिंग ठेवून द्या, या कामाला ते सोन्यासारखं आहे. ते नसेल तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट बसवून खरा गिअरबॉक्सच लावा. त्यात तेल भरलेलं असावं, एक्सलच्या तोंडांना बुच असावेत आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा.

इंजिन जमिनीवर नुसतं ठेवू नका. सेल्फ मारला की ते उलट दिशेने झटका देतं आणि लोळतं. खाली जुना टायर किंवा लाकडी पॅलेट, दोन्ही बाजूंना ठोकळे, आणि वरून पट्ट्याने पॅलेटला बांधलेलं. आदल्या क्षणापर्यंत स्थिर वाटणारं इंजिन झटक्याला कसं उडी घेतं हे एकदा बघितलेला माणूस पट्टा विसरत नाही.

वायरिंग साधं आहे. बॅटरीच्या प्लसपासून जाड केबल सेल्फच्या मोठ्या बोल्टला. मायनसची केबल इंजिनाच्या रंग नसलेल्या, घासून साफ केलेल्या धातूला, शक्य तितकी सेल्फच्या जवळ. प्लसपासून सेल्फच्या छोट्या टर्मिनलला एक वायर, मध्ये दाबायचं बटण. स्क्रूड्रायव्हर टेकवून सेल्फ मारायची पद्धत सर्रास आहे, पण ठिणगी उडते, आणि आजूबाजूला पेट्रोलने धुतलेले पार्ट पडलेले असतात. बटणाला फार खर्च येत नाही.

बॅटरी पूर्ण चार्ज हवी. कॉम्प्रेशनचा आकडा इंजिन किती वेगाने फिरतं यावरही ठरतो. पहिल्या सिलिंडरला ताजी बॅटरी आणि तिसऱ्याला दमलेली, असं झालं तर तुम्ही सिलिंडर नाही, बॅटरी मोजत असता. जमल्यास दोन सिलिंडरच्या मध्ये चार्जर लावून ठेवा.

पहिली पायरी: तेल चढवणं

नवं बांधलेलं इंजिन कोरडं असतं. पंपापासून कॅमपर्यंत तेल पोचलेलं नसतं. गेजच्या आधी तेल चढवायचंच.

तेल भरा, फिल्टर अर्धा तेलाने भरून लावा. तिन्ही प्लग काढा आणि प्लगच्या भोकांवर फडकं टाका, कारण बांधताना लावलेलं तेल पिचकारीसारखं बाहेर येतं. डोळ्यांवर चष्मा असू द्या, सैल बाह्या आणि ओढणी आवरून घ्या, फ्लायव्हीलच्या उघड्या बाजूला कुणी उभं राहू नये.

आता एक छोटा टेस्ट लॅम्प घ्या. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं ऑइल प्रेशर स्विचच्या टर्मिनलला. दिवा लागेल. सेल्फ दहा सेकंद मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा दहा सेकंद. तेलाचा दाब आला की दिवा विझतो. तो विझल्यावरही एकदा सेल्फ मारा आणि वरचं झाकण उघडून रॉकरपाशी तेल ओघळतंय का ते डोळ्यांनी बघा. पाच-सहा वेळा सेल्फ मारूनही दिवा विझला नाही तर तिथेच थांबा, कॉम्प्रेशन नंतर.

या फिरवण्याचा दुसरा फायदा असा की सिलिंडरमध्ये साचलेलं जादा तेल बाहेर फेकलं जातं. नव्या इंजिनात आकडे फसवतात ते याच तेलामुळे. रिंगांवर तेलाचा थर असला की मोडकी रिंगसुद्धा थोडा वेळ चांगली भासते. म्हणून बांधताना बोअरला तेल बोटाने पुसटसं लावा, ओतू नका. आणि गेज लावण्याआधी प्लगच्या भोकातून उडणारे थेंब थांबेपर्यंत इंजिन फिरवून घ्या.

दुसरी पायरी: गेज

तिन्ही प्लग बाहेरच. फक्त एक काढून बाकीचे ठेवले तर इंजिन हळू फिरतं आणि आकडा बिघडतो. कार्बोरेटर लावलेला असेल तर थ्रॉटल तारेने पूर्ण उघडा बांधा आणि चोक उघडा आहे का बघा. मॅनिफोल्ड अजून लावलेलाच नसेल तर उत्तमच, हवेला अडथळा नाही. जमिनीवर तपासण्याचा हा एक फायदा.

ॲडॉप्टर हाताने बसवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, तिरका आटा पाना लावून आवळला तर नवं हेड पुन्हा लेथवाल्याकडे जाईल. रबरी रिंग टेकेपर्यंत बोटांनी, बस.

आता एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने काट्यावर नजर ठेवायची. प्रत्येक वेळी पिस्टन वर आला की काटा उडी मारतो. उड्या मोजा. पहिल्या उडीचा आकडा लिहा, चौथीचा लिहा आणि काटा थांबला की शेवटचा लिहा. सात-आठ उड्यांत तो थांबतो. प्रत्येक सिलिंडरला तितक्याच उड्या द्या. मग गेज शून्यावर आणून तेच पुन्हा करा. दोन्ही वेळचे आकडे ५ पीएसआयच्या आत जुळले तर ते खरे धरा.

नुसता शेवटचा आकडा लिहिणारे अर्धी माहिती फेकून देतात. माझ्या वहीत चांगल्या सिलिंडरची नोंद साधारण अशी असते: पहिली उडी ९०, चौथी १५५, शेवट १७०. काटा पहिल्या उडीतच निम्म्याच्या वर जातो आणि झरझर चढतो. रिंगांतून गळती असेल तर पहिली उडी ४०-५०, मग प्रत्येक उडीला थोडं थोडं करत काटा चढत राहतो आणि शेवटी बऱ्यापैकी वर जातो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिली उडीही लहान आणि पुढेही काटा फारसा हलत नाही. काट्याची ही चाल डोळ्याला ओळखीची झाली की निम्मं निदान तिथेच होतं.

आकडे कसे वाचायचे

८.७ रेशोच्या धडधाकट इंजिनात १६० ते १८० ची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. पण नव्या रिंगा अजून बोअरला बसलेल्या नसतात. होनिंगच्या (बोअर आतून दगडाने घासण्याच्या) बारीक तिरप्या रेघांवर त्या घासून बसायला गाडी काही शे किलोमीटर चालावी लागते. त्यामुळे जमिनीवर १५० आले म्हणून इंजिन खोलायला घेऊ नका. बघायचं ते तिन्ही सिलिंडर एकमेकांशी जुळतात का. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ९० टक्क्यांच्या खाली नको. १७० असेल तर १५३ च्या खाली कुणी नसावं. जुन्या, झिजलेल्या इंजिनाला मी थोडी सूट देतो. नव्या बोअर-पिस्टनच्या इंजिनाला नाही. तिन्ही बोअर एकाच दिवशी एकाच मशीनवर झालेत, मग फरक का असावा?

तुम्ही कुठे राहता यानेही आकडा बदलतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. तिथली हवाच मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी विरळ. मुंबईत १७० दाखवणारं इंजिन पुण्यात १६० च्या आसपास दाखवेल आणि महाबळेश्वरला १४५ च्या. मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडताना हे लक्षात ठेवा, नाहीतर घाटावरचं प्रत्येक इंजिन दुबळं वाटेल.

तिन्ही आकडे सारखेच पण बरेच कमी, समजा १२० ते १२५ आले, तर तीन सिलिंडर एकदम खराब होत नाहीत हे मनाशी धरा. थ्रॉटल बंद राहिला का, बॅटरी दमली का, गेजची पिन बरोबर आहे का, हे आधी. ते सगळं ठीक असेल तर बेल्ट. कॅम एक दात पुढे-मागे बसला की व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी मिटतात आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकसारखं पडतं. पुली फिरवून खुणा पुन्हा जुळवा.

शेजारशेजारचे दोन कमी आणि तिसरा चांगला असेल तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट. हेडचा फेस (खालचा सपाट पृष्ठभाग) नीट मारला नसेल, किंवा गॅस्केटखाली कचरा राहिला असेल. एकच शून्याजवळ असेल तर आधी त्या सिलिंडरची टॅपेट. दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर असताना दोन्हीकडे किंचित खडखड जाणवली पाहिजे. एकच मधल्या पातळीवर कमी असेल तर रिंग की व्हॉल्व्ह हा प्रश्न उरतो, आणि त्याला पुढची पायरी.

तिन्ही आकडे २०० च्या वर गेले तर खूश होऊ नका. एकतर आत तेल साचलंय, किंवा हेडचा फेस मारताना जास्त मटेरियल गेलंय. नव्या इंजिनात कार्बन नसतो, त्यामुळे तिसरं कारण फारसं उरत नाही. तेल फिरवून काढल्यावरही आकडा तेवढाच राहिला तर हेडची जाडी मोजा.

तेल घालून तपासणं आणि त्यातला धोका

जुन्या इंजिनावरची ही नेहमीची युक्ती: प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह. ८०० च्या छोट्या इंजिनावर ती जशीच्या तशी चालत नाही. वरचं गणित आठवा. ३४.५ सीसीच्या जागेत ५ सीसी तेल गेलं की २९.५ उरले आणि रेशो ८.७ वरून १० झाला. रिंग चांगल्या असोत की नसोत, काटा चढणारच!

म्हणून सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने फक्त २ मिलिलिटर घालायचं, इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवून तेल बोअरवर पसरू द्यायचं आणि मग मोजायचं. १०-१५ पीएसआयची वाढ तेलाच्या जागेमुळेच होते, तिला महत्त्व देऊ नका. ९५ चे १५० झाले तर मात्र रिंग. पण नव्या इंजिनात बोअर आधीच तेलकट असतो, त्यामुळे या युक्तीवर मी फार विसंबत नाही. हवेचा कॉम्प्रेसर हाताशी असेल तर सरळ पुढची तपासणी करा.

तिसरी पायरी: हवा भरून ऐकणं

गाडीत न बसवलेल्या इंजिनाला यापेक्षा चांगली तपासणी नाही असं माझं ठाम मत आहे. सेल्फ लागत नाही, बॅटरी लागत नाही, इंजिन स्टँडवर असलं तरी चालतं. आणि कार्बोरेटर, सायलेन्सर, रेडिएटर काहीच लागलेलं नसल्यामुळे सगळी तोंडं कानाशी उघडी असतात.

तत्त्व सोपं: पिस्टन कॉम्प्रेशनच्या अगदी वरच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, आणि प्लगच्या भोकातून हवा भरायची. हवा कुठून पळते ते ऐकायचं. दोन घड्याळांचा लीकडाउन गेज असेल तर किती टक्के पळते तेही कळतं. नसेल तर कॉम्प्रेशन गेजचाच पाइप घ्या, त्याची टोकाची पिन काढा आणि कॉम्प्रेसरला जोडा. आकडा मिळणार नाही, पण गळतीची जागा मिळेल, आणि दुरुस्तीसाठी हवी असते ती जागाच.

पुलीवर खडूने १२०-१२० अंशांवर तीन खुणा करा. एक नंबर कॉम्प्रेशनवर टीडीसीला (पिस्टनच्या अगदी वरच्या टोकाला) आणा: टायमिंगची खूण जुळलेली आणि त्याचे दोन्ही रॉकर सैल. रॉकर सैल नसतील तर एक पूर्ण फेरी आणखी. हे झालं की पुढचा सिलिंडर २४० अंशांनी, म्हणजे दोन खुणा पुढे. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२, तेव्हा एकनंतर तीन, मग दोन.

हवा सोडण्याआधी पुलीवरचा पाना काढून घ्या. हे मी दोनदा सांगेन: पाना काढून घ्या. पिस्टन टोकापासून जरा इकडे-तिकडे असला तर हवा त्याला धाडकन खाली ढकलते, क्रँक फिरतो आणि बोल्टवर राहिलेला पाना हाताचं हाड मोडू शकतो. हवा २०-३० पीएसआयपासून सुरू करा, क्रँक जागेवर राहतो हे बघून मग वाढवा. फिरलाच तर हवा सोडून द्या, पुन्हा टोकाला आणा.

आता शांत बसून ऐका. शेजारी ग्राइंडर चालू असेल तर तो थांबवायला सांगा. मीटरभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरं एकेका तोंडाशी. इनलेटच्या तोंडातून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह. एक्झॉस्टच्या तोंडातून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. शेजारच्या प्लगच्या भोकातून आली तर हेड गॅस्केट. तेल भरायच्या तोंडातून हलका, सलग श्वास ऐकू येणारच. नव्या न बसलेल्या रिंगांतून थोडी हवा खाली जाते. ती तिन्ही सिलिंडरला सारखी असेल तर काळजी नाही. एकालाच जोरात फुंकर असेल तर रिंग मोडली आहे, उलटी बसली आहे किंवा रिंगांची तोंडं एका रेषेत आली आहेत.

पाण्याकडची गळती कानाला सापडत नाही, डोळ्याला सापडते. ब्लॉकचं खालचं पाण्याचं तोंड बुच लावून बंद करा, थर्मोस्टॅटच्या तोंडापर्यंत पाणी भरा आणि हवा चालू असताना पृष्ठभागाकडे टॉर्च मारून बघा. पहिले काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते थांबतात. एका लयीत येत राहिले तर गॅस्केट किंवा तडा. बघून झालं की पाणी काढून टाका.

लीकडाउन गेज असेल तर न चाललेल्या नव्या इंजिनात १५-२० टक्क्यांपर्यंतची गळती मी चालवून घेतो, पण एका अटीवर: ती सगळी रिंगांतूनच असली पाहिजे. व्हॉल्व्हमधून थोडीशी फुसफुस आली तर प्लास्टिकच्या हातोडीने व्हॉल्व्हच्या टोकावर हलकी टिचकी मारून बघा, व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर बारीक कण असेल तर तो उडतो. नाही थांबली तर हेड उतरवून व्हॉल्व्ह पुन्हा घासा. जमिनीवर हे दोन तासांचं काम आहे. गॅस्केट मात्र नवं घ्या, एकदा दाबलेलं परत वापरू नका.

डिझेलवाल्यांसाठी दोन शब्द

ट्रॅक्टर, जीप, पिकअपची इंजिनं बांधणारेही हे वाचतील म्हणून सांगतो. डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुपटीहून जास्त असतं. पेट्रोलचा ३०० चा गेज त्यावर लावला तर तो फुटून तोंडावर येईल. डिझेलचा वेगळा गेज आणि ग्लो प्लगचा किंवा इंजेक्टरचा बरोबर ॲडॉप्टर घ्या, डिझेलचा पुरवठा बंद करा. आणि तेल घालून तपासण्याची युक्ती डिझेलवर करूच नका. तिथे पिस्टनच्या डोक्यावर जागा इतकी थोडी असते की तेल जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तापलेल्या दाबात ते तेल पेटूही शकतं. हवा भरून ऐकण्याची तपासणी डिझेलला तशीच चालते.

नोंद आणि पुढे

आकडे जुळले, व्हॉल्व्ह आणि गॅस्केट गप्प आहेत, तर प्लग लगेच हाताने लावून टाका. उघड्या भोकात एक वॉशर पडला की सगळं पुन्हा. तोंडांवर चिकटपट्टी लावा.

मग एका कागदावर लिहा: तारीख, बोअरचा साइज, तिन्ही सिलिंडरची पहिली उडी, चौथी आणि शेवटचा आकडा, कुठल्या गेजने मोजलं, आणि गाव. मी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांत ठेवतो आणि मालकाला दाखवतो. हजार किलोमीटरनंतर गाडी तेल बदलायला आली की त्याच गेजने, इंजिन गरम असताना, पुन्हा मोजतो आणि नवे आकडे त्याच कागदावर शेजारी लिहितो. रिंगा बसल्या असतील तर तिन्ही आकडे थोडे वर सरकतात आणि एकमेकांच्या आणखी जवळ येतात. परवाच्या एका गाडीचे जमिनीवर १५२, १५५, १५० होते. हजार किलोमीटरनंतर १६८, १६८, १६५.